मामांनी इटलीवर घातलेली बंदी

जगातलं कोणतंही भांडण आपल्याला विचारल्याशिवाय मिटणार नाही, असं मनापासून मानणारा माणूस सबंध सोलापुरात एकच होता आणि तो आमच्या भिंतीपलीकडे राहत होता. घरात हातमाग, घरची बोली तेलुगू, बाहेर सगळ्यांचे ते मामा. मामांनी कधी कुणावर हात उगारला नाही. ते फक्त बंदी घालत. सात रस्ता चौकातल्या एका न्हाव्यानं बायकोला मारलं, म्हणून त्याच्यावर बंदी. पण दुसऱ्याकडे गेलो तर ह्याला कळणार कसं, म्हणून दाढीच वाढवली आणि रोज त्याच्या दुकानासमोर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला दाढीचं कारण सांगू लागले. ती छातीला टेकली तेव्हा न्हावी बायकोला घेऊन मामांच्या दारी आला आणि तिच्यादेखत चुकलो म्हणाला. तेव्हापासून बंदीवरचा मामांचा विश्वास हलवणं ब्रह्मदेवालाही शक्य नव्हतं.

पुढे इटलीनं आफ्रिकेतल्या अबिसीनियावर स्वारी केली. मामांना वाचता येत नसे. संध्याकाळी मागाशेजारी बसून वर्तमानपत्र वाचून दाखवणं माझ्याकडे होतं. जगातल्या राष्ट्रांच्या पंचायतीनं इटलीचा माल घेणं बंद केलं, हे ऐकून मामांनी मला गूळ खायला दिला. पण इटलीला तेल मात्र जातच राहणार, हे वाचलं तेव्हा आडवं सूत घेऊन मागावर धावणारा त्यांचा धोटा थांबला. "सूत बंद आनि तेल चालू? रनगाडे काय सुतावर चालत्यात?"

मग त्यांची नजर समोरच्या मागावर गेली आणि त्यांनी स्वतःची बंदी जाहीर केली: इटलीचा धागा इथून पुढे विणायचा नाही. मागावर त्यांच्या लेकीची, नागमणीची, लग्नाची साडी होती, निम्मी विणून झालेली, आणि तिचा चकचकीत काठ इटलीच्या नकली रेशमाचा होता. लग्न आठ दिवसांवर. त्यांच्यात लग्नाची साडी बाप घरी विणतो आणि एकदा मागावर चढली की अर्धी उतरवत नाहीत.

"बंदीच्या आधीच घेतलंय की ते," मामी कळवळून म्हणाल्या. "अर्धा काठ असा, अर्धा तसा. सोयरीक मोडंल. आनि इटलीला कळनार तरी हाय का?"

"मला कळतंय की," मामा म्हणाले. "हितं सोलापुरात गोऱ्यांनी मार्शल लॉ लावला तवा कोन आलतं का आपल्याला इचारायला? मग आपुन तरी इचारायचं."

न विणलेल्या काठाचा एकेक धागा तोडून त्याला साधं लाल सूत सांधायचं, एवढंच आता उरलं होतं. मामांनी पहिला धागा तोडला. नागमणी उठली, मागाच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि बापाला म्हणाली, "नायना, हिकडचा काठ मी सांधते." बापलेक दोन दिवस सांधत होते.

साडी बघायला व्याही आले. तेही विणकर. काठाची चमक जिथं संपते तिथं त्यांनी अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. मामी भिंतीला टेकून उभ्या होत्या. मामांनी सगळं कारण, तेलासकट, सांगून टाकलं. व्याह्यांनी विचारलं, "गाठ लागंना की हाताला. कुनी सांधलं?"

"ह्या बाजूचं पोरीनं."

"मग हीच साडी नेसू द्या तिला," व्याही म्हणाले, आणि मामी पदराआड रडल्या.

पुढच्याच वर्षी अबिसीनिया पडला आणि राष्ट्रांनी आपली बंदी उठवली. ती बातमी वाचताना माझा आवाज खाली गेला. मामांनी शांतपणे धोटा फेकला. "त्यांनी उठवली आसंल. आपली चालू."

काही वर्षांनी अबिसीनियाचा राजा आपल्या राजधानीत परत आला. मामा तोवर गेले होते. तरी मी वर्तमानपत्र घेऊन त्यांच्या मागाशी गेलो आणि मोठ्यानं वाचलं. मागावर माहेरी आलेली नागमणी बसली होती. ऐकून ती हसली, तिचे डोळे भरून आले, माझेही.

"आता तरी उठवायची का गं बंदी?" मी विचारलं.

"नायनांनी घातलेली," ती म्हणाली, "आमी कशी उठवनार?" आणि तिनं साधं लाल सूत काठाला लावलं.