यादीतला वाघ

चौकातल्या चष्म्याच्या दुकानात नवरा-बायको दोघंच काम करत. पुढे ती डोळे तपासायची, मागे तो भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचा. गिऱ्हाईकं तिला चष्मेवाली म्हणत. दुकानात सगळं जागच्या जागी असे. फक्त आठवड्यातून दोन-तीनदा ती स्वतःच जागेवर नसे.

पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं तिला वाटे, मग नजर थिजे. काही चघळावं तसं तोंड हले आणि डावा हात समोर असेल ते चाचपू लागे. एकदा तर तिने गिऱ्हाइकाच्या नाकावरचाच चष्मा काढून दीड मिनिट पुसला होता. शुद्धीवर आली की ती घाईघाईने विचारी, "हां, कुठे होतो आपण?"

"आम्ही इथेच होतो," जुनी गिऱ्हाईकं म्हणत. "तुम्हीच गेला होतात."

मिरगीचा हा लपंडाव अठरा वर्षं चालला होता. चार औषधं बदलून झाली होती. शेवटी डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांनी आता फारसं काही साधणार नाही. ऑपरेशन जमतंय का ते बघू." दुकानात येऊन तिने हे सांगितलं, तसं मागे भिंग घासायचं यंत्र गप्प झालं. नवरा भर कामात यंत्र बंद करी तेव्हा घरच्यांनी ओळखायचं, की माणूस घाबरला.

ती मात्र घाबरली नाही. तिला ऑपरेशन हवंच होतं. भीती एकाच गोष्टीची होती, ते आपल्याला नको म्हणतील याची.

तपासण्या सुरू झाल्या. स्कॅनमध्ये डाव्या बाजूला, कानाच्या आतल्या अंगाला, मेंदूचा एक छोटासा भाग सुकलेला दिसला. मग चार दिवस डोक्याला तारा लावून आणि समोर कॅमेरा ठेवून तिला झोपवलं. एरवी नको नको म्हणताना येणारा झटका तीन दिवस फिरकलाच नाही. "पाहुण्यांसमोर पोर लाजतं तसंच झालं हे," सोबत राहिलेल्या वन्सं म्हणाल्या. चौथ्या दिवशी दोन आले, दोन्ही डावीकडूनच.

वन्सं म्हणजे तिची थोरली नणंद. एकटीच होती, भावाकडेच राहायची. पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती आणि आपल्या कानांचा तिला भारी अभिमान होता.

शेवटची तपासणी स्मरणशक्तीची होती. चाचणीच्या बाईंनी पंधरा शब्द वाचून दाखवले. ऐकायचे, म्हणायचे, पुन्हा ऐकायचे, आणि अर्ध्या तासाने आठवतील तेवढे सांगायचे. तिसऱ्या वाचनाला चष्मेवालीचा डावा हात टेबल चाचपू लागला. चाचणी पंधरा दिवस पुढे गेली.

रिक्षात ती रडवेली झाली. "वन्सं, मला एकही धड आठवत नव्हता. हल्ली गिऱ्हाइकांची नावंसुद्धा आठवत नाहीत. इतक्या मंद बाईचं ऑपरेशन कोण करील?"

वन्संनी स्कॅनचं मोठं पाकीट उलटं केलं. मागे पेन्सिलीने पंधरा शब्द लिहिलेले होते. "मधे प्लायवूडची भिंत होती गं. तीनदा वाचले त्यांनी. माझ्या कानांना काय लागतं?"

मग पंधरा दिवस घरात शाळा भरली. वन्संनी शब्दांची गोष्टच रचली. ढगाखाली खुर्ची, खुर्चीवर पेन्सिल, आणि शेवटी हे सगळं बघायला आलेला वाघ. ताट वाढताना वन्सं म्हणायच्या, "ढग!" आणि ती पोळी लाटता लाटता वाघापर्यंत धावत सुटायची. नवऱ्यालाही यादी पाठ झाली. एका गिऱ्हाइकाला त्याने "खुर्ची घ्या" म्हणायचं ते "खुर्ची, पेन्सिल घ्या" म्हटलं.

चाचणीत यादी तीच निघाली. तिने पंधरापैकी चौदा शब्द सांगितले, अर्ध्या तासाने पुन्हा चौदा. एक तेवढा चुकला, कोणता ते बाई सांगेनात.

"पहिला वर्ग!" वन्सं बाहेर म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी दोघींना बोलावलं. "आम्ही सगळे बसून बोललो," ते म्हणाले. "सध्या ऑपरेशन नको असं ठरतंय."

"का?" तिचा आवाज अगदी लहान झाला.

"तुमची स्मरणशक्ती फार चांगली आहे, म्हणून. आजारी भाग आठवणीचं काम करत नसेल तर तो काढला तरी फारसं बिघडत नाही. पण करत असेल, तर त्याच्याबरोबर ते कामही जातं. स्कॅनमध्ये तो सुकलेला दिसतोय, आणि तुम्ही चौदा शब्द सांगता. हे कोडं आम्हाला सुटत नाही. अशा वेळी चाकू न लावलेला बरा."

घरी येताना दोघींपुढे एकच पेच होता. खरं सांगावं, तर आपण फसवलं हे कळणार. न सांगावं, तर झटके जन्माचे.

दुसऱ्या दिवशी एक ट्रकड्रायव्हर डोळे तपासायला आला. परवान्यासाठी दाखला हवा होता. तिने दिवा लावला आणि त्याने भिंतीवरची अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचली. अडचण एवढीच होती, की तक्ता तिने सकाळीच बदलला होता.

"काका, हा जुना तक्ता वाचलात तुम्ही," ती म्हणाली. "आधी कधीतरी येऊन बाकावर बसून पाठ केलात ना? अहो, इथे मला हरवून काय मिळणार तुम्हाला? नंबर चुकला तर चष्मा चुकेल, आणि रस्त्यावर आपटाल ते तुम्ही..."

ती मधेच थांबली. तोंड उघडंच राहिलं.

"आला गं बाई!" गल्ल्यावरच्या वन्सं धावत आल्या आणि तिला खुर्चीवर दाबून बसवू लागल्या.

"सोडा हो वन्सं. झटका नाही आलाय. अक्कल आलीय."

चाचणीच्या बाईंना फोन लावायला ती उठली, तर वन्संनी तिचा हात धरला. "आणि विचारलं, कोणी शिकवलं म्हणून, तर?"

"तुमचं नाव सांगीन."

"सांग बापडी," वन्सं म्हणाल्या, आणि स्वतःच चप्पल घालून तिला घेऊन निघाल्या.

चाचणीच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. पाकिटाची मागची बाजू पाहिली. मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "म्हणजे हा वाघ इथून आला होय! दर वेळी मी 'बाग' म्हणतेय, आणि तुम्ही मला 'वाघ' सांगताय. मी आठवडाभर विचार करतेय, ही चूक कोणत्या प्रकारात लिहू."

"बाग?" वन्सं म्हणाल्या. "तुमची भिंतच जाड आहे."

"अहो, ही परीक्षा पास व्हायची नसते," बाई चष्मेवालीला म्हणाल्या. "तुमचं किती बिघडलंय ते आम्हाला कळायला हवं." त्यांनी नवी यादी काढली आणि वन्संना थेट खाली, चहाच्या टपरीवर पाठवलं.

अर्ध्या तासाने तिला आठवले ते फक्त चार शब्द. पाचव्यासाठी तिने फार वेळ घेतला. खिडकीकडे पाहिलं, बोटं मोडली. आला नाही. गेल्या खेपेला पाठांतराने झाकलेली जागा आता तिची तिलाच दिसत होती. तिला वाईट वाटलं, आणि हायसंही वाटलं.

"चार," बाई म्हणाल्या. "ठीक आहे. हे स्कॅनशी जुळतं."

आता डॉक्टरांचा होकार आला. पण त्यांनी कागद पुढे करण्याआधी स्पष्ट सांगितलं, "दहातल्या सहा-सात जणांचे झटके थांबतात, सगळ्यांचे नाही. शब्दासाठी अडखळणं थोडं वाढूही शकतं. ठरवायचं तुम्ही."

नवरा तिच्याकडे बघत होता. "तुझं तू ठरव," तो म्हणाला, "पण मला हो म्हणावंसं वाटतंय."

"शब्द अडला तर दुसऱ्याला विचारता येतो," ती म्हणाली. "झटका आला की विचारायला मीच नसते." आणि तिने सही केली.

ऑपरेशनला आता चौदा महिने झाले. एकही झटका आलेला नाही. गोळ्या चालू आहेत, एक कमी झाली आहे. कधीकधी फ्रेम हातात धरून ती म्हणते, "ते हे द्या, नाकावरचं," आणि नवरा न बोलता बरोबर तेच देतो. यंत्र चालूच असतं.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट मोकळी केली. आत झटका आला तर, म्हणून अठरा वर्षं तिने बाथरूमची कडी लावली नव्हती. बाहेर खुर्ची टाकून वन्सं बसत. त्या दिवशी आतून खट्टकन आवाज आला.

"वहिनी! कडी लावलीस?"

"लावली."

"बरी आहेस ना?"

"वन्सं, जा हो तुम्ही!"

वन्सं गेल्या नाहीत. खुर्ची मात्र त्यांनी दारापासून दोन हात मागे घेतली.