साध्या कपड्यातला मामा

वडिलांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि त्यांना सगळं स्वच्छ दिसायला लागलं, म्हणून मी आईला आणि त्यांना सांगलीत एका सिनेमाच्या दुपारच्या खेळाला घेऊन गेले. वडील निवृत्त न्यायाधीश. सिनेमा न्यायाधीशांच्या खुनांचा आहे हे मी त्यांना आधी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, गंमत वाटेल.

पडद्यावर एकामागून एक तीन न्यायाधीश मारले गेले. तपास करणारा अधिकारी धागा पकडत पकडत एका मंत्र्यापर्यंत पोचत होता. चौथ्या न्यायाधीशाच्या घरी तो बंदोबस्त लावतो. काळे चष्मे घातलेले, कानात वायरी अडकवलेले चार जण दारात उभे राहतात. तेवढ्यात वडील जरा मोठ्यानंच म्हणाले, "असं नसतं काही. साध्या कपड्यातला माणूस घरातल्यासारखा राहतो. ओळखूच येत नाही."

"तुम्हाला काय माहीत?" आईनं हळूच विचारलं.

"आपल्याकडं होता की. पाटणला."

"कोण होता?"

चुकून तोंडातून निघून गेलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर पडद्याच्या उजेडात दिसत होतं. आईनं त्यांचं मनगट धरलं. "कोण होता, सांगा."

"आष्ट्याचा तो. पोलीस होता."

आई उठली. मागची माणसं खाली बसा, खाली बसा म्हणून ओरडत होती. ती ओळीतून वाट काढत थेट बाहेर गेली. आम्हीही मागोमाग गेलो.

आष्ट्याचा तो म्हणजे आमचा मामा. वडील पाटणच्या कोर्टात असताना एक दिवस ते त्याला घरी घेऊन आले. तिशीतला, पिळदार मिशांचा, कमी बोलणारा माणूस. "ओळखीतला आहे. कोर्टात शिपायाची जागा निघणार आहे, तोवर आपल्याकडं राहील," असं त्यांनी आईला सांगितलं. तो पुढच्या खोलीत झोपायचा, मला आणि माझ्या भावाला शाळेत सोडायचा, आईबरोबर बाजारात जायचा. राखी पौर्णिमेला आईनं त्याला राखी बांधली आणि तो आमचा मामा झाला. शिपायाची जागा काही निघाली नाही. "बिचाऱ्याची बायको गावाकडं एकटी आहे, तुम्ही एक शब्द टाकत नाही," म्हणून आई वडिलांशी कित्येकदा भांडली. "मी कुणासाठी शब्द टाकत नाही," एवढंच वडील म्हणायचे. त्यांची बदली झाली आणि मामा गावी निघून गेला.

सिनेमाघराच्या पायऱ्यांवर वडिलांनी उरलेलं सांगितलं. एका मोठ्या पुढाऱ्याच्या मुलावर मारहाणीचा खटला त्यांच्यापुढं चालू होता. मार खाल्लेला माणूस पायानं कायमचा अधू झाला होता. धमक्या यायला लागल्या, तेव्हा पोलिसांनी माणूस दिला.

"आणि मला सांगितलं नाही?" आई म्हणाली. "मी मागचं दार सताड उघडं टाकून नदीवर धुणं धुवायला जात होते. पोरं अंगणात असायची."

"तुला झोप लागली नसती."

"नसती लागली! माझी पोरं होती ती. जागी राहिले असते."

वडील म्हणाले, "नुसत्या धमक्या होत्या गं. झालं काहीच नाही. मी शिक्षा दिली, विषय संपला."

आम्ही विश्रामबागेत घरी आलो. जिना चढताना आई मला म्हणाली, "उद्या मला आष्ट्याला घेऊन चल." वडील आपण होऊन आमच्याबरोबर आले.

मामा आता पोलिसातून निवृत्त होऊन शेती बघत होता. रस्त्याला लागून घर, मागं ऊस. केस पांढरे झाले होते, मिशा तशाच होत्या. आईला बघून तो धावतच आला आणि वाकून पाया पडला. "ताई, तुमी? आवं, फोन तरी करायचा."

आईनं बसायच्या आधीच विचारलं, "तू पोलीस होतास?"

त्यानं वडिलांकडं बघितलं. वडिलांनी मान हलवली.

"व्हय ताई," तो म्हणाला. "आता साहेबांनीच सांगितलंय म्हटल्यावर काय लपवायचं. त्या कोयत्यावाल्याचं बी सांगितलं असंल."

"कोयतेवाला कोण?" वडिलांनी विचारलं.

मामा गोंधळला. सांगावं का न सांगावं, असं त्याचं झालं. आई त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. "सांग."

"आईतवारची दुपार हुती. एकजण आंब्याची पिशवी घिऊन आला. साहेबांच्या गावचा हाय म्हणाला." तो माझ्याकडं वळला. "तू फाटकावर झोके घेत हुतीस. त्यानं तुलाच विचारलं, साहेब कुठं हायत. तू म्हणालीस, आत झोपल्यात, चला दाखवते."

मला ते फाटक आठवतं, त्याची कुरकुर आठवते. तो माणूस आठवत नाही. कितीही ताण दिला तरी आठवत नाही.

"मी म्हटलं, द्या पिशवी, आत ठेवतो. उचलली तर लय जड लागली. हात घातला. वर आंबे, खाली कोयता. मग त्येच्या खांद्यावर हात टाकला आन् गप्पा मारत मारत चौकीपतूर नेला. पोरं बघत हुती न्हवं."

"तू मला सांगितलंस आंबे सडके होते, म्हणून परत पाठवला," आई म्हणाली. "मी तुला बोलले होते. दारात आलेल्या माणसाला पाणीसुद्धा दिलं नाहीस म्हणून."

"लय बोलला हुता मला, ताई," मामा हसला.

वडील हसले नाहीत. ते खुर्चीत पुढं सरकून बसले होते, कोर्टात बसत असतील तसे. "गुन्हा दाखल झाला?"

"न्हाई साहेब."

"का नाही?"

"वरनं फोन आला. सांच्याला सोडून दिला त्येला. आमच्या साहेबांनी मला बजावलं, जजसाहेबांच्या कानावर घालायचं न्हाई, त्यास्नी ताप नको. मग तुमची बदली झाली."

"माझ्या घरात हत्यार घेऊन माणूस येतो," वडील एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "आणि त्याचा कागदसुद्धा होत नाही? मला कुणी सांगत नाही?"

"साहेब," मामा खाली बघत म्हणाला, "तुमी तरी ताईंना कुठं सांगितलं हुतं?"

दारात भांडं आपटल्याचा आवाज आला. मामाची बायको चहाचा ट्रे धरून उभी होती आणि एक कप खाली पडून फुटला होता. ती नवऱ्याकडं बघत होती.

"कोयता?" ती म्हणाली. "मला तर सांगितलंसा, साहेबांची पोरं शाळंत सोडायची हलकी डूटी हाय. थोरला पोटात हुता तवा माझ्या."

"आगं, जुनं झालं आता ते..."

"मला आज कळतंय!"

आईनं उठून तिच्या हातातला ट्रे काढून घेतला आणि तिला आपल्याजवळ बसवलं. त्या दोघी तिथंच हात धरून बसून राहिल्या. चहा तसाच निवून गेला. मामा काचा वेचायला लागला.

परतीच्या वाटेवर वडील म्हणाले, "गाडी जरा थांबव." ते उतरले आणि उसाच्या कडेला पाठमोरे उभे राहिले. एवढी वर्षं न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचे खांदे हलत होते. मी दार उघडायला लागले तर आईनं मला थांबवलं. ती स्वतः उतरली, त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि पदराचं टोक त्यांच्या हातात दिलं.