विजयमालानं राजीला पढवून नेली, त्याची गोष्ट

तासगावची विजयमाला बेदाण्याच्या शेडावर निवडनीला जाती. बारा वर्सं झाली. टेबलावर माल पसरला की हिची बोटं चालत्यात आन् तोंडबी चालतंय. काळा बेदाना एकीकडं, काडीचा एकीकडं, चांगला पुढं. नजर लय चोख. मालकानं एकदा चष्मा लावून तिचा माल तपासला, त्येला एक काडी गावली न्हाई. त्या दिशी मालकाचं तोंड उतरलं व्हतं.

तिची लेक राजेश्वरी, घरात राजी. चौथीत. बोलायला लय खमकी. गल्लीत कुनाची भांडनं झाली की घरी येऊन नकलेसकट सांगायची. पन पुस्तक उघडलं की गप. ‘कमळ’ला ‘मकळ’ म्हनायची. वहीत लिवलं तर निम्मी अक्षरं वळीखाली घसरल्याली. मास्तर म्हनायचे, पोरगी आळशी हाय. रोज वर्गाभाईर हुबी.

मंग शाळेत एक नव्या बाई आल्या. त्यांनी विजयमालाला बोलवून सांगितलं, “ही आळशी न्हाई. सांगलीला मानसशास्त्राच्या बाई आहेत, त्यांच्याकडनं तपासून आना. कशात अडतंय त्ये कळलं की आमाला तसं शिकवता येईल. न्हाई तर पाचवीत गेली तरी भाईरच हुबी राहील.”

सरकारी दवाखान्यात फुकट व्हतं, पन नंबर चार म्हैन्यानं. सांगलीच्या बाईंचं सहा हजार.

विजयमालाचा नवरा कृष्णात ट्रॅक्टर चालवतोय. त्यो जेवताना थांबला. “सहा हजार? पोरगी येडी हाय का म्हनून इचारायला? मी फुकट सांगतो, न्हाई.”

“तुमी सांगितल्यालं मास्तर ऐकतोय व्हय?”

“आगं, ल्हानपनी मीबी असाच व्हतो.”

“म्हनूनच तपासायची.”

कृष्णातनं दोन घास खाल्लं. “पैसं काय झाडाला लागत्यात?”

“आवं, ट्रॅक्टर बंद पडला की मिस्त्रीला नुस्तं खोलून बघायचं पैसं देता. पोरीचंच का जड हुतंय?”

“ट्रॅक्टर कमवून देतोय.”

“मंग राजीला जुपा नांगराला.”

कृष्णात ताट सरकवून उठला. म्हंजी व्हय म्हनला.

आता सहा हजार जानार म्हनल्यावर पोरगी नापास व्हऊन कसं चालंल? शेजारच्या संयोगिताचा भाचा गेल्या साली असंच तपासून आनला व्हता. तिला समदं ठावं. विजयमालानं तिला च्या पाजला आन् एकेक काढून घेतलं. ठोकळं लावाय लावत्यात. उलटं आकडं म्हनाय लावत्यात. चित्रात काय न्हाई त्ये वळखाय लावत्यात. संयोगितानं कोळशानं अंगनात चित्रं काढली. दार काढलं, त्येला कडी न्हाई. कोंबडी काढली, तिला एक पाय. ती मुद्दाम एकपायी का तशीच जमली, त्ये काय कळलं न्हाई.

आठ दिस राजीची तयारी चालली. माल दावायला न्हेताना वरचा थर निवडक लावायचा, ही विजयमालाच्या हाताला सवयच. त्यात काय वावगं हाय असं तिच्या डोक्यातच आलं न्हाई. राजी तर अशी तयार झाली की चित्र काढायच्या आधीच म्हनायची, “कडी न्हाई!”

एस्टीनं सांगलीला गेल्या. बाई गरीब सोभावाच्या. त्यांनी राजीला आत न्हेऊन जरा गप्पा मारल्या, मंग भाईर बाकड्यावर बसवलं आन् म्हनल्या, फी भरा, म्हंजे सुरू करू. विजयमालानं पाकिटात हात घातला.

राजी कानात म्हनली, “आये, बाईंनी मला इचारलं, तुला काय अवघड जातं. त्ये तर आपुन पाठ केलंच न्हाई.”

विजयमालाचा हात पाकिटातच ऱ्हायला. बेदाण्याचा व्यापारी खोक्यात कोपरापातूर हात घालून खालचा माल काढतोय, वरचा बघत न्हाई. ह्या बाई कसं बघनार? पोरगी घडाघडा बोलनार, बाई लिवनार, ‘समदं ठीक’. मंग मास्तर त्यो कागद दावून राजीला हुबी करनार, आन् आपुन सहा हजार देऊन पोरीवर आळशीचा शिक्का मारून आननार. न सांगावं तर असं. सांगावं तर बाई हाकलून देतील.

ती आत गेली आन् हुबी ऱ्हाऊनच म्हनली, “बाई, मी हिला शिकवून आनलीया.”

“काय शिकवलं?”

“समदं.”

राजीनं लगेच दार, कोंबडी, उलटं आकडं, मोजून म्हनून दावलं. कुनी इचारलं नव्हतं. बाईंनी पेन खाली ठिवला.

“आज तपासणी केली तर खरं काही कळणार नाही. निदान सहा महिने थांबावं लागेल. पैसे आत ठेवा.” मंग त्यांनी इचारलं, “हे तिनं वाचून पाठ केलं की ऐकून?”

“ऐकून. वाचाय कुठं येतंय?”

“आठ दिवसांत?”

“समदं तीन दिसातच झालं व्हतं. बाकीचं पाच दिस तिनंच मला इचारलं.”

बाई पैल्यांदा हसल्या. त्यांनी नव्या बाईंच्या नावानं चिठ्ठी लिवली, आन् वाचूनबी दावली. मुलगी ऐकून चटकन शिकते, तपासणी होईपर्यंत धडे तोंडी घ्यावेत, वर्गाबाहेर उभं करू नये. चिठ्ठीचं पैसं घेतलं न्हाईत.

घरी कृष्णात वाट बघत व्हता. “पास का नापास?”

“घेतलीच न्हाई परीक्षा. सहा म्हैन्यानं.”

“मंग पैसं परत आलं?”

“आलं. ट्रॅक्टरला लावू नगा. सरकारी दवाखान्यात नंबर लावती, तितं बी समदं खरं सांगनार. तितं जमलं न्हाई तर ह्याच बाईंकडं जायाचं, सहा हजार देऊन.”

“बाईंनी समोर आल्यालं पैसं सोडलं, आन् तू परत त्यांनाच देनार?”

“म्हनूनच त्यांना.”

सोमवारी नव्या बाईंनी चिठ्ठी मास्तरच्या हातात दिली. मास्तरनं ती वाचली, परत वाचली, आन् राजीला वर्गात बस म्हनला. बसल्या बसल्या तिनं त्येला इचारलं, “गुर्जी, तुमाला काय अवघड जातं?”