ग्राउंडसरांची सही

ग्राउंडसर घाबरट होते, आणि हे ते स्वतःच सांगत. ठाण्यात वर्तकनगरजवळ आमची छोटी कंपनी होती. नवजात बाळांच्या अंगाचं तापमान दाखवणारे मॉनिटर आम्ही बनवत असू. मी सर्किट बोर्ड आखायचे, सर तपासायचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, “मी हुशार नाही गं, भित्रा आहे. म्हणून माझे बोर्ड चालतात.” लिफ्टमध्ये पाऊल टाकण्याआधीही सर ग्राउंड तपासतात, असं आम्ही मागून हसायचो.

बोर्ड समोर आला की सगळे चिपकडे बघतात. सर तिच्याकडे ढुंकूनही बघत नसत. करंट परत येण्यासाठी बोर्डाच्या पोटात तांब्याचा जो थर पसरलेला असतो, तो ग्राउंड. तेवढाच कागदावर छापून मागायचे आणि त्यावर पेन्सिल टेकवून विचारायचे, “करंट जातो कुठून ते कुणीही दाखवेल. परत कुठून येतो ते दाखव.” उत्तर देताना माझ्या तळहातांना घाम फुटायचा.

आमच्या चिपला पाय नव्हते. पोटाखाली सोल्डरचे शेकडो बारीक मणी होते. त्यांच्यासाठी बोर्डाला भोकं पाडायची आणि प्रत्येक भोकाभोवती तांबं जरा मागे घ्यायचं. पण दोन भोकांच्या मधे तांब्याची पट्टी उरलीच पाहिजे, हा सरांचा हट्ट. “पट्ट्या गेल्या की थर फाटला. मग करंट वाट शोधत भटकतो, आणि पडद्यावरचा आकडा अडकून बसतो.”

माझा बोर्ड सरांनी असाच तपासून सही केली. दोन दिवसांनी बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याची मेल आली: भोकांभोवतीची मोकळी जागा जरा वाढवू का, आम्हाला सोपं पडेल. मी ‘ओके’ लिहिलं. कागद पुन्हा छापला नाही. त्या पेन्सिलीसमोर परत बसायची माझी छाती नव्हती, खरं कारण एवढंच.

महिन्याभराने सरांनी एक कोरा बोर्ड सहज खिडकीशी धरला. चिपच्या जागेतून, जिथे तांब्याने उजेड अडायला हवा तिथून, उजेडाची एक सलग रेघ आली. सरांचा चेहरा पांढराफटक पडला. “अगं, पट्ट्याच नाहीत.” याच बोर्डाचा एक मॉनिटर चाचणीसाठी शहाडच्या एका प्रसूतिगृहात चार दिवस चालू होता.

गाडीत सर फोन लावत राहिले, तिकडे कुणी उचलेना. कोनगावच्या पुलाजवळ गाड्या तुंबलेल्या. मी सगळे देव पाण्यात घालून बसले होते.

प्रसूतिगृहात पोचलो तर सिस्टर हसत म्हणाल्या, “मस्त चाललंय ओ तुमचं मशीन. सकाळपासून छत्तीस पॉइंट आठ, जरा पण हललं नाही.”

“हाताने बघा!” सर ओरडले. त्यांचा चढलेला आवाज मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. “आधी बाळाला हाताने बघा!”

सिस्टरनी बाळाच्या पावलांना हात लावला आणि त्यांचं हसू मावळलं. थर्मामीटर पस्तीसलाही पोचत नव्हता. डॉक्टर धावत आले, बाळाला आईच्या छातीशी ठेवून वर दुलया घातल्या. पावलं गरम व्हायला तास लागला. तो तासभर मी भिंतीला धरून उभी होते, आणि त्या आईकडे बघण्याचं धैर्य मला झालं नाही.

डॉक्टरांपुढे, मग मालकांपुढे, सर एकच वाक्य बोलले, “सही माझी आहे.” मी शेजारी गप्प उभी. नोकरी जाईल ही भीती होती, लपवत नाही. आठवड्याभरात सरांनी राजीनामा दिला.

तीन महिने मी ते पोटात ठेवलं. शेवटी डोंबिवलीला त्यांच्या घरी गेले. काकूंनी पुढे ठेवलेल्या पोह्यांना हातही लावला नाही. “सर, ती मेल आलेली ना... मी ओके म्हटलेलं. तुम्हाला न दाखवता.”



“ठाऊक आहे,” सर म्हणाले. “कारखान्याने ती मलाही पाठवली होती. वाचली मी. जरासंच वाढवतायत, असू दे म्हटलं.” हातावर हात चोळत राहिले. “घाबरायचं त्या दिवशी राहूनच गेलं गं.”