किल्ली

छापखान्यात त्यांना खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. सगळ्यांचे ते ‘होनाही’. का, ते ऐका. कॉम्प्युटरवर काही नवं बसवायला जावं, की पडदा एकदम अंधारतो आणि मधोमध एक चौकट उगवते. ती विचारते, या प्रोग्रॅमला बदल करू द्यायचा का? खाली दोन बटणं, होय आणि नाही. साध्या माणसाला नुसतं होय दाबून भागत नाही, ॲडमिनचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या कारभाऱ्याचा, पासवर्ड लागतो. छापखान्यात तो पासवर्ड एकाच डोक्यात होता. मग दिवसभर कुठून ना कुठून आरोळी, “होनाही, इकडे या हो, पडदा काळा झाला!”

होनाही यायचे ते डुलत डुलत. खुर्चीत बसायचे, चष्मा कपाळावरून नाकावर आणायचे आणि आधी ती चौकट अक्षरन् अक्षर वाचायचे. मागे उभ्या माणसाचा जीव वरखाली होत असायचा.

“दाबा की हो आता!”

“अरे, दारात उभ्या असलेल्याला नाव-गाव तरी विचारशील की नाही? का सरळ ताटावरच बसवशील?”

मग म्हणायचे, “तोंड फिरवा.” पासवर्ड टाकताना शेजारच्याने भिंतीकडे बघायचं, हा त्यांचा दंडक. छापखान्याचे मालकसुद्धा निमूटपणे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभे राहायचे. एकदा मालक वैतागले. म्हणाले, “छापखाना माझा, कॉम्प्युटर माझा, वीज माझी. मलाच का हो ॲडमिन करत नाही तुम्ही?” होनाहींनी शांतपणे विचारलं, “साहेब, परवा ‘तुम्हाला बक्षिसात मोटार लागली आहे’ म्हणून चौकट आली, तेव्हा होय कोणी दाबलं?” मालक पुन्हा कॅलेंडर बघायला लागले.

पण गंमत अशी, की ते स्वतःही रोजच्या कामाला कॉम्प्युटरवर साधंच खातं वापरत. ॲडमिनचं खातं वेगळं, त्याचं नाव ‘किल्ली’. “तो कोट आहे,” म्हणायचे, “कामापुरता घालायचा आणि लगेच खुंटीला. अंगात घालून झोपलात तर डोक्यात जातो.” दुसरा नियम असा, की माणूस नोकरी सोडून गेला की त्याचं खातं त्याच दिवशी काढायचं. निरोपाचा चहा इकडे चालू असे, तिकडे होनाही त्याचं खातं पुसत असत. “रिकामी खोली उघडी ठेवली की कोणीतरी येऊन राहतं,” एवढंच म्हणायचे.

घरीही तोच कारभार. बैठकीच्या खोलीत खिडकीशी टेबल, त्यावर कॉम्प्युटर. लेकीचं साधं खातं, बायकोचं साधं खातं. बायकोच्या खात्याला त्यांनी ‘आई’ असं नाव दिलं होतं आणि वर पिवळ्या फुलाचं चित्र लावलं होतं. ती सुरुवातीला चिडली. “माझ्याच घरात मी परवानगी मागायची?” हे म्हणाले, “अगं, मलाही मागावी लागते. तू एकटी नाहीस.” पुढे पुढे तिला त्या चौकटीची मजा वाटायला लागली. दिवसातून एकदा तरी ती लांबलचक हेल काढायची, “अहोऽ, विचारतंय!” शेवटच्या अक्षरावर आवाज वर चढायचा, जणू दारात पाहुणा आलाय. आणि होनाही दाढीचा फेस गालावर तसाच ठेवून धावत यायचे. छापखान्यात डुलत जाणारा माणूस घरात धावायचा, बरं का.

लेक लग्न होऊन दूर गेली, तेव्हा बायकोने एक छोटा माइक आणवला. फोनवर तिला मोकळं बोलता येत नसे. आपण बोललेलं लगेच हवेत जातं, असं तिला वाटायचं. मग दुपारी भांडी आवरली की ती कॉम्प्युटरसमोर बसून लेकीशी बोलायची. आज दूध उतू गेलं, शेजारणीने पुन्हा कात्री नेली, तुझे बाबा जिन्यावर घसरले आणि जिन्यालाच रागावले. सगळं रेकॉर्ड होऊन त्या ‘आई’ खात्यात साठत गेलं. “ये तेव्हा ऐक,” म्हणायची.

ती गेली आणि ते बोलणं मागे राहिलं. लेक माहेरी आली की खिडकीशी बसायची, हेडफोन कानाला लावायची आणि एकच ध्वनिफीत ऐकायची. एका खेपेला एकच. सगळं ऐकून संपलं तर पुढे काय, या भीतीने ती जपून जपून ऐकत होती. एकदा ती म्हणाली, “बाबा, पेनड्राइव्हवर घेऊन जाते ना मी.”

होनाहींनी मान हलवली. “पेनड्राइव्ह म्हणजे कोणाच्या तरी चपला घालून घरात शिरणं. कुठे कुठे फिरून येईल ते. इथे माझ्या पहाऱ्यात आहे, कुठे जात नाही.”

लेक हसली. बाबांच्या पहाऱ्यावर तिचा भरवसा होता.

होनाही निवृत्त झाले आणि हळूहळू डोक्यातल्या वस्तू इकडच्या तिकडे व्हायला लागल्या. चष्मा फ्रिजमध्ये सापडायचा. एकदा छापखान्यात कामाला निघाले आणि कोपऱ्यावरून परत आले. लेकीला त्यांनी हे हसत हसत सांगितलं. तीही हसली, पण त्यानंतर जरा लवकर लवकर यायला लागली.

अशीच ती एका सकाळी आली. होनाही खुशीत होते. चहाचा कप तिच्या हातात देत म्हणाले, “कॉम्प्युटर चकाचक केला. किती दिवस म्हणत होतो. एक खातं नुसतं पडून होतं, कोणी वापरत नाही, काही नाही. काढून टाकलं.”

लेकीने कप खाली ठेवला. “कोणतं खातं, बाबा?”

“ते फुलाचं चित्र होतं बघ. ‘आई’ नावाचं.”

“फाईल्स ठेवायच्या की काढायच्या, असं विचारलं असेल ना त्याने?”

“विचारतोच. काढल्या. बॅकअपची वेगळी हार्ड डिस्क होती, तीही पुसली. अर्धवट काम मी कधी केलंय का?” त्यांनी अभिमानाने तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्याकडे बघता बघता त्यांचं हसू विझत गेलं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, टेबलावरच्या माइककडे पाहिलं.

“अगं,” ते म्हणाले, “तिचं होतं का ते?”

छापखान्यातला जुना सोबती दोन्ही डिस्क घेऊन गेला आणि तशाच परत घेऊन आला. होनाहींचं काम पक्कं होतं. काहीही शिल्लक राहिलं नव्हतं. लेक त्यांना एका शब्दाने रागावली नाही, आणि तेच त्यांना सोसेना.

शेवटी एका दुपारी त्यांनी तिला खुर्चीत बसवलं. “माझे हक्क काढून घे.”

“बाबा, असू दे. काय राहिलंय आता पुसण्यासारखं?”

“मी चौकट वाचली होती गं. अक्षरन् अक्षर वाचली आणि होय दाबलं. अशा माणसाच्या हातात किल्ली ठेवत नाहीत. छापखान्यात कोणाची ठेवली असती का मी?” मग म्हणाले, “पण शेवटचा ॲडमिन तसाच काढू देत नाही तो. घर बिनमालकाचं होतं ना. आधी तुला करावं लागेल.”

त्यांनी स्वतःच्या हाताने तिच्या खात्याला ॲडमिनचे हक्क दिले. बोटं अडखळत नव्हती, ती वाट त्यांना अजून तोंडपाठ होती. “आता तुझ्या खात्यात जा. नवा पासवर्ड घाल,” असं सांगून ते उठले आणि न सांगता तोंड भिंतीकडे करून उभे राहिले. भिंतीवर काहीच नव्हतं. लेकीला त्यांची पाठ दिसत होती, सदऱ्याची कॉलर एका बाजूला दुमडलेली.

तिने पासवर्ड घातला. मग ‘किल्ली’ खातं काढायला घेतलं. चौकट आली. फाईल्स ठेवायच्या की काढायच्या?

“ठेवते, बाबा.”

“त्यात काही नाही गं. रिकामं आहे ते.”

“तरी ठेवते.”

पुढे लेकीने त्यांना आपल्या घरी नेलं, टेबल आणि कॉम्प्युटरसकट. आता होनाही खिडकीशी बसून कॉम्प्युटरवर पत्ते खेळतात, नको तिथे दाबतात आणि पडदा अंधारतो. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा लेक ओट्याशी भांडी घासत होती. बाहेरच्या खोलीतून हाक आली, “अगंऽ, विचारतंय!” लांबलचक हेल आणि शेवटच्या अक्षरावर आवाज वर चढलेला, जणू दारात पाहुणा आलाय.

लेकीचे हात पाण्यात तसेच राहिले. मग तिने नळ बंद केला, पण ती जागची हलली नाही.

ते पुन्हा हाक मारतील, याची ती वाट बघत होती.