झिजेसकट कॉपी

गेल्या महिन्यातला एक शनिवार. भोसरीत आमच्या वर्कशॉपच्या दारात टेम्पो थांबला, आणि आम्ही चाकणला पाठवलेला माल जसाच्या तसा परत उतरला. त्या परत आलेल्या मालामुळे माझ्या बहिणीचा गेम वाचला... ऐकायला विचित्र वाटतं, पण झालं ते असंच.

मुक्ता माझी धाकटी बहीण. ताथवड्याला इंजिनिअरिंग केलं, काही वर्षं आयटीत काढली आणि मग नोकरी सोडून घरी गेम बनवायला बसली. जुन्या जपानी रोल-प्लेइंग गेमसारखा... छोट्या छोट्या रंगीत चौकोनांची चित्रं, एक गाव, गावातून निघालेली एक पोरगी आणि तिला वाटेत भेटणारी माणसं. असले गेम ती शाळेत असताना तहानभूक विसरून खेळायची.

पुण्यात गेम बनवणाऱ्यांचा मेळावा होता, तिथे तिला तो पहिल्यांदा लोकांसमोर ठेवायचा होता. त्याआधी एका मैत्रिणीला खेळायला दिला. मैत्रीण म्हणाली, "सुंदर आहे गं! कुठल्या जुन्या गेमचा रिमेक आहे हा?"

झालं. बाईसाहेबांचं तोंड उतरलं ते उतरलंच. मेळाव्यातून नाव काढून घेते, परत नोकरी बघते, असं सुरू झालं. मी आपला मोठेपणाने सांगायला गेलो की अगं, आवडलेल्या गोष्टीची कॉपी सगळेच करतात... त्यावर तिने माझ्याशी बोलणंच बंद केलं.

त्या शनिवारी ती आईने दिलेला डबा घेऊन वर्कशॉपवर आली होती. आमचे वडील, आण्णा, नेहमीसारखे फेरी मारत होते. जमीन एमआयडीसीत गेल्यावर त्यांनी एका लेथवर हे वर्कशॉप सुरू केलं. अजूनही रोज प्रत्येक मशीनपाशी थांबतात, हात पाठीमागे बांधतात आणि मान जरा उजवीकडे कलवून आवाज ऐकतात. आवाजात काही बिघाड वाटला तरच बोलतात.

आणि मी फोनवर शिव्या खात होतो. चाकणच्या एका कस्टमरने जुन्या मशीनचा बुश सॅम्पल म्हणून दिला होता. बुश म्हणजे शाफ्ट, मशीनचा फिरणारा दांडा, ज्यात फिरतो ती जाड रिंग. मीच माप घेतलं, मीच ड्रॉइंग काढलं, मीच ओके केलं. सॅम्पल वापरून वापरून एका बाजूने झिजलेला, भोक लांबट झालेलं... ते लांबट भोकही मी इमानेइतबारे ड्रॉइंगमध्ये उतरवलं होतं. नवेकोरे बुश, आणि पहिल्या दिवसापासून खडखड!

"अहो राव, तुम्ही तर झिजेसकट कॉपी केलीत," फोनवरचा माणूस म्हणाला. नकलेलाही अक्कल लागते म्हणतात, ती त्या दिवशी माझ्यापाशी नव्हती. फोन ठेवून मुक्ताला हे सांगताना मला माझंच हसू आलं.

मुक्ता मात्र हसली नाही. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "दादा, मग नवा असताना तो कसा होता हे कळतं कसं?"

मी म्हटलं, सॅम्पलकडे बघत बसून नाही कळत. तो ज्या शाफ्टवर बसतो तो बघायचा, त्याचं काम काय ते विचारायचं. एवढं ऐकलं आणि गेली... डबा माझ्या टेबलावर तसाच.

त्यानंतर ती खोलीतून फक्त चहाला बाहेर यायची. एकदा चहा पिता पिता म्हणाली, जुन्या गेममध्ये रंग मोजके होते कारण तेव्हाच्या मशीनला तेवढेच झेपायचे, आणि मी ती अडचणसुद्धा सजावट समजून उचलली. त्या गेममध्ये होती म्हणून चेरीची झाडंही रंगवली. "भोसरीतल्या पोरीने चेरीचं झाड कुठं बघितलंय, दादा?" मी विचारलं, मग त्या चौकोनांचं खरं काम काय? म्हणाली, थोडंच दाखवायचं... बाकीचं बघणाऱ्याने आपल्या मनातून भरायचं.

मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी तिने आम्हाला लॅपटॉपसमोर बसवलं. चौकोन तेच होते. पण गाव बदललं होतं... पत्र्याच्या शेड, भैरवनाथाचं देऊळ, शर्यत संपल्यावर ओस पडलेला बैलगाड्यांचा घाट. आणि एक म्हातारा, पांढरी टोपी, हात पाठीमागे. ना नाक, ना डोळे. तो एका दारापाशी थांबला आणि त्याचं डोकं उजवीकडे सरकलं. एक चौकोन... फक्त एक.

"अगं बया, ह्ये तर तुजं आण्णा हायती!" आई ओरडलीच. माझ्या अंगावर काटा आला, अजूनही येतो. बोटभर चित्रात माझा सबंध बाप उभा होता!

आण्णा लॅपटॉपवर वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "टोपी लई मोठी काढलीस." आणि चष्मा पुसायला लागले.

मेळाव्यात मी मुद्दाम मागे उभा राहिलो. एक मुलगी खेळायला बसली आणि गोष्ट पुढे न्यायची सोडून त्या म्हाताऱ्याच्या मागे मागे दारोदार फिरत राहिली. शेवटी तिने मुक्ताला विचारलं, "हे आजोबा काय ऐकतायत?" रिमेक कशाचा, हे दिवसभरात कुणीही विचारलं नाही. मुक्ताचा चेहरा काय फुलला होता म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी आण्णा लेथपाशी थांबले, मान कलवली. इतकी वर्षं रोज बघतोय मी हे... त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि मीही मान कलवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला जागा करून द्यायला जरा सरकले.

मुक्ते, थँक यू गं.