कारंजं नको, संडास हवा

शहराच्या मध्यातला जुना भाजीबाजार पाडून तिथे पक्का बाजार बांधायचं ठरलं, तेव्हा महापालिकेच्या स्थायी समितीत मी एकटीच बाई होते. सत्तर साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. जरीपटक्याच्या अलीकडच्या आमच्या वस्तीतून मी निवडून आले होते. त्याआधी शाळेत गणित शिकवायचे. आकड्यांची भीती मला कधी वाटली नव्हती आणि माणसांची तर नाहीच. छप्पन साली आईवडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून खाली मान घालून बोलायची पद्धतच आमच्या घरातून गेली होती.

बैठकीत नव्या बाजाराचा नकाशा भिंतीवर लावला. देखणा होता, खोटं कशाला बोलू? विकणाऱ्यांसाठी ओळीने ओटे, वर छप्पर, मालाच्या गाड्यांना वेगळी वाट, सायकली ठेवायला जागा, मागच्या बाजूला पुरुषांची मुतारी आणि मधोमध रंगीत दिव्यांचं कारंजं. मी तो नीट बघितला आणि विचारलं, बायकांसाठी काय आहे? तरुण अभियंत्याने नकाशाचा सुटलेला कोपरा भिंतीवर दाबून धरला. एका सभासदाने सांगितलं की भाजीवाल्या आपापलं बघून घेतात, इतकी वर्षं घेतच आल्या आहेत. समितीचे अध्यक्ष महालातले नावाजलेले वकील होते, मोठे सज्जन. ते म्हणाले, "बाई, ती सोय आपण पुढच्या वर्षी बघू." 'ती सोय' याच्यापुढे कुणाचीच जीभ वळेना.

भाजीवाल्या आपापलं कसं बघून घेतात हे मला ठाऊक होतं. माझी आई त्याच बाजारात गोणपाटावर बसून भाजी विकायची आणि मूत्रपिंडाच्या दुखण्यानेच गेली. पण आईच्या आठवणीवर भाषण करता येतं, अंदाजपत्रकात तरतूद मिळवता येत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मी बाजारात जाऊन बसले. उन्हं तापायला लागली होती. कन्हानहून वांगी घेऊन येणारी एक बाई होती, वयाने माझ्याएवढीच. तिच्याजवळ पाण्याचा गडवा भरलेलाच दिसला. मी विचारलं, पीत का नाहीस?

"पानी पेलं का जा लागते," ती म्हणाली, "अन् जाले जागा कुठी हाय? म्हून मी संध्याकाळपर्यंत पेतच नाही."

तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. वांग्यांवर पाणी शिंपडता शिंपडता सांगितलं. आसपासच्या बायका सरकून जवळ आल्या आणि एकेक जण बोलायला लागली. सावनेरकडून संत्री आणणारी एक म्हातारी म्हणाली की पोटुशी सून तिने याच कारणाने घरी बसवली, आणि हातगाडी आता एकटीला ओढवत नाही. मी त्यांना अंदाजपत्रकाच्या सभेला यायला सांगितलं. सभागृहात प्रेक्षकांसाठी सज्जा असतो, तिथे कुणालाही बसता येतं, हे त्यांना माहीतच नव्हतं.

"आमी येऊन काय करू वं बाई?" कन्हानवालीने विचारलं. "बोलू थोडीच देतीन."

"बोलायचं नाही," मी म्हटलं. "नुसतं बसायचं. सगळ्यांना दिसाल अशा बसा."

माझ्याच बाजूच्या दोन जुन्या नगरसेवकांनी मला समजावलं की असल्या गोष्टी सभेत काढायच्या नसतात, अध्यक्षांच्या घरी चहाला जाऊन मिटवायच्या असतात. मी चहाला जाऊन आले. चहा चांगला होता, उत्तर तेच मिळालं. मग मी उपसूचना लिहून दिली: कारंज्याची तरतूद रद्द करावी आणि ती रक्कम बाजारातल्या बायकांच्या संडासासाठी ठेवावी.

सभेच्या दिवशी दहा-बारा जणी आल्या. दिवसाचा धंदा सोडून, धुवट लुगडी नेसून सज्जात पहिल्या रांगेत बसल्या. त्यांना बघून खाली कुजबुज सुरू झाली. माझी उपसूचना वाचली गेली तेव्हा मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. एक सभासद उठले आणि शहराच्या शोभेवर बराच वेळ बोलले. मोठ्या शहरांत चौकाचौकांत कारंजी असतात, आपण कायमचं खेडंच राहायचं का, असा त्यांचा सवाल होता.

माझी पाळी आली. मी तयारी करून गेले होते, पण कागद उघडलाच नाही. सज्जाकडे हात केला आणि म्हटलं, "या बायका पहाटे घर सोडतात आणि दिवेलागणीला परततात. मधल्या वेळात त्यांनी काय करावं, हे ज्यांना सांगता येईल त्यांनी उभं राहून सांगावं. कुणी सांगितलं तर मी उपसूचना मागे घेते."

कुणी उठलं नाही. मी मुद्दाम उभीच राहिले. शेवटी सचिवांनी तडजोड म्हणून सुचवलं की 'इतर नागरी सोयी' अशी तरतूद दाखवावी, म्हणजे कुणाला अवघड वाटणार नाही. मी म्हटलं, इतर सोयींत उद्या बाकडीही बसतील आणि झेंड्याचा खांबही. मला नेमका शब्द हवा.

तेव्हा अध्यक्ष वकीलसाहेब उठले. चष्मा काढून पुसला आणि शांतपणे म्हणाले, "संडास लिहा. बाईंचं म्हणणं बरोबर आहे. मोघम तरतूद कुठेही खर्च होते." एवढं बोलून ते बसले. उपसूचना मताला टाकली तेव्हा त्यांच्या बाजूचे निम्मे हात आमच्याबरोबर वर झाले. पुढे कधीतरी मी त्यांना विचारलं की तुमचं मन कशाने वळलं. ते म्हणाले, मन वळायला वेळ लागला नाही, शब्द तोंडातून काढायला लागला.

पैसे मिळाले तशी जागेची लढाई सुरू झाली. नकाशात जिथे खूण करावी तिथल्या दुकानदारांचा विरोध व्हायचा. सगळ्यांना सोय मान्य होती, फक्त ती दुसऱ्याच्या दुकानामागे हवी होती. अखेरीस बाजाराच्या कोपऱ्यावरच्या कापडवाल्या शेठजींची मागची भिंत उरली. पाण्याची मोठी नळवाहिनी तिथूनच जात होती, त्यामुळे अभियंत्यालाही तीच जागा पसंत होती. शेठजींनी सह्यांचा अर्ज दिला, गिऱ्हाईक तुटेल म्हणून.

मी त्यांच्या दुकानात गेले, गादीवर बसले, चहा घेतला. बाहेरगावची माणसं लग्नाचा बस्ता बांधायला त्यांच्याकडेच यायची. मी विचारलं, बस्त्याला किती वेळ लागतो? ते अभिमानाने म्हणाले, अख्खा दिवस, घाई नाही करत आम्ही. मग मी विचारलं की नवरीची आई, मावश्या, आत्या अख्खा दिवस कुठे जातात?

शेठजींनी आतल्या जिन्याकडे बोट दाखवलं. "वर आमच्या घरी पाठवतो," ते म्हणाले.

आतल्या जिन्यावर त्यांची बायको उभी असावी. पडदा सरकवून ती खाली आली. मला नमस्कार केला आणि नवऱ्याला म्हणाली, "पंचवीस वर्षं गावोगावच्या बायकांसाठी मी पाणी भरून राहिले. मले कोणी विचारलं? बाईंना भिंत देऊन टाका, नाहीतर या लग्नसराईपासून जिन्याला कुलूप."

शेठजी माझ्याकडे बघून हसले. हरलेल्या माणसाचं हसू होतं, पण त्यात राग नव्हता. अर्ज त्यांनी त्याच आठवड्यात मागे घेतला.

बाजार उभा राहायला दोन वर्षं लागली. संडास ओट्यांच्या आधी तयार झाला; मी रोज जाऊन बसायचे, त्याचा परिणाम. उद्घाटनाची पाटी लावू दिली नाही. पुढच्या अंदाजपत्रकात बघते तर साफसफाईला बाईमाणसाची जागाच धरलेली नव्हती. पुन्हा उपसूचना, पुन्हा भाषण. या वेळी फारसं कुणी अडवलं नाही. आमच्या वस्तीतल्या एका विधवा बाईला ती नोकरी लागली आणि पुढे बरीच वर्षं तिने ती जागा लखलखीत ठेवली.

वर्षभराने बाजाराच्या दुसऱ्या टोकाचे दुकानदार मला भेटायला घरी आले. बायकांचं गिऱ्हाईक सगळं शेठजींच्या बाजूला सरकलं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनाही त्यांच्या बाजूला एक संडास हवा होता. याच मंडळींनी पूर्वी आपल्या दुकानांमागे जागा द्यायला विरोध केला होता. मी त्यांना चहा दिला आणि जागा कुठली देता, ते आधी दाखवा म्हटलं. ते लगेच उठले. मीही चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर निघाले.